थॅलेसेमिया कोणाचा? आनुवंशिक आजारांविषयीच्या काही समजुती आणि वस्तुस्थिती

पवना नदी ओलांडून काळेवाडीतून पिंपरीत प्रवेश केला, की फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी वसविण्यात आलेली आणि अद्यापही ‘पिंपरी कॅम्प’ याच नावाने ओळखली जाणारी वस्ती लागते. आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा विषय निघाला, की अलीकडच्या काठावरील पुष्कळ मराठी कुटुंबे हा आजार त्या सिंधी लोकांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, अशा निश्चिंत भावनेने तो विषय बाजूला सारतात. या समजुतीत सत्याचा काही अंश आहे, आणि म्हणूनच ती अधिक घातक आहे. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत या आजाराच्या वाहकांचे प्रमाण सर्वसाधारण भारतीय प्रमाणापेक्षा पुष्कळ अधिक आढळते, हे खरेच. परंतु मुंबईसह देशातील सहा शहरांत महाविद्यालयीन विद्यार्थी आणि गर्भवती स्त्रिया मिळून सुमारे ५६ हजार व्यक्तींच्या रक्ताची जी पाहणी झाली, तीत बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण २.७८ टक्के, म्हणजे साधारणतः छत्तीस माणसांत एक, असे निघाले. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत चाकरी धरून मराठवाडा, खानदेश आणि विदर्भ या मुलखांतून जी कुटुंबे काळेवाडीच्या दाट वस्तीत स्थायिक झाली, त्यांना या आजारातून माफीचा परवाना कोणी दिलेला नाही.

एखादा आनुवंशिक आजार एकाच लोकसमूहापुरता मर्यादित असणे अशक्य नसते. फिलिपाइन्समधील पनाय बेटावर ‘लुबाग’ नावाने ओळखला जाणारा, शरीराला पीळ पाडणारा एक मज्जाविकार आहे. १९७६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, आणि जगात अन्यत्र तो आढळला तरी रुग्णाच्या मातृकुळाचा धागा बहुधा त्याच बेटाकडे जातो, कारण त्याचे मूळ एका समान पूर्वजात आहे. थॅलेसेमियाची कथा याहून सर्वस्वी भिन्न. भूमध्य समुद्राच्या काठापासून भारतातून आग्नेय आशियापर्यंत जेथे जेथे हिवतापाने शतकानुशतके माणसे मारली, तेथे तेथे हा दोष निरनिराळ्या रूपांत टिकून राहिला. कारण त्याची एकच प्रत बाळगणाऱ्या माणसाला हिवतापाच्या प्राणघातक स्वरूपापासून थोडेबहुत संरक्षण मिळत असे. याच्या मुळाशी कोणत्याही जातीचे पाप नाही, कोणाच्या रक्ताची अशुद्धताही नाही.

दुसरी समजूत अशी, की ‘थॅलेसेमिया मायनर’ असलेल्या माणसाचा आजार वयोमानाने वाढत जाऊन पुढे ‘मेजर’ होतो. हे कदापि घडत नाही. मायनर म्हणजे केवळ वाहक: आईबापांकडून आलेल्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष, दुसरी शाबूत, आणि त्या शाबूत प्रतीच्या बळावर हा माणूस आपले सर्व आयुष्य इतरांसारखेच जगतो. त्याचे हिमोग्लोबिन किंचित कमी आणि तांबड्या पेशी आकाराने लहान असतात एवढेच. परंतु लोहाच्या कमतरतेतही हेच चित्र दिसत असल्यामुळे कित्येक वाहक स्त्रिया वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेत राहतात आणि रक्त वाढत नाही म्हणून खंत करीत बसतात. ‘एचबीए-टू’ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी या दोहोंतील भेद बहुतांशी उघड करते: हे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या वर गेले, तर वाहकत्वाची शंका बळावते. एकाच स्त्रीला वाहकत्व आणि लोहाची कमतरता दोन्ही असू शकतात, म्हणून गोळ्या परस्पर बंद न करता वैद्याकडून खातरजमा करून घ्यावी.

मेजर मात्र खरोखर कठीण. बालक सहा महिन्यांचे ते दोन वर्षांचे होईतो निस्तेज पडू लागते, आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागते. त्या रक्तातून साचणारे लोह हृदय आणि यकृत यांना जाचू नये म्हणून ते बाहेर काढणारी औषधे निरंतर घ्यावी लागतात. असे मूल जन्मले, की घरात दोष बहुधा सुनेच्या माथी मारला जातो. यासारखा अन्याय नाही, कारण मेजर होण्यास पिता आणि माता या दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते. ‘आमच्या घराण्यात हे कधी नव्हते’ या वाक्यालाही अर्थ नाही. वाहकत्व पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्याने वाहत येते.

दोघेही वाहक असतील, तर पंचवीस टक्के जोखीम असे सांगितले जाते, आणि ते ऐकणारे दाम्पत्य त्याचा अर्थ चार मुलांत एक आजारी असा करून, पहिले आजारी निघाले म्हणजे पुढील तिघांची चिंता मिटली, असे समाधान मानते. वस्तुतः ही जोखीम प्रत्येक गर्भारपणी नव्याने, तेवढीच उभी राहते. पूर्वीच्या मुलाचा हिशेब पुढच्याला लागू होत नाही.

याच हिशेबाचा थोडा विस्तार केला, तर समाजासमाजांतील भेदाचे रहस्य उलगडते. छत्तीसांत एक वाहक असेल आणि विवाह कोणाशीही होत असतील, तर सुमारे तेराशे जोडप्यांत एकच जोडपे उभयपक्षी वाहक, आणि सुमारे पाच हजार दोनशे जन्मांत एक मूल मेजर. आता समजा, एखाद्या समाजात दहांत एक वाहक आहे आणि सोयरिकी त्या समाजातच होतात: मग शंभरांत एक जोडपे आणि चारशे जन्मांत एक मूल. आजाराचा भार अशा रीतीने वाढतो, आणि तो वाढण्यात विवाहाच्या कुंपणाचा मोठा हिस्सा आहे. आप्तांतील विवाहांनी तो आणखी वाढतो.

जोखमीचे असे आकडे लोकांपर्यंत पोहोचविणाऱ्या वृत्तपत्रांच्या जबाबदारीचा प्रश्न येथे येतो. २००९ साली हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी थंगराज आणि त्यांचे सहकारी यांनी हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातून पंचवीस अक्षरांचा तुकडा गळाल्याचे, आणि सुमारे चार टक्के भारतीयांत तो दोष असल्याचे दाखवून दिले. हृदय निकामी होण्याचा संभव त्यामुळे सुमारे सातपट वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. संशोधन मोलाचे होते. परंतु ‘सातपट’ हा शब्द मूळ जोखीम किती हे सांगितल्यावाचून छापणे म्हणजे वाचकाला निष्कारण भयभीत करणे होय; मूळ जोखीम शंभरांत एकाची धरली, तर सातपट होऊनही शंभरांतील ब्याण्णव-त्र्याण्णव माणसे त्या आजारापासून दूरच राहतात. शिवाय असे जनुक केवळ संभव वाढवते, तर थॅलेसेमियाच्या दोन सदोष प्रती आजार घडवूनच आणतात. या दोन अगदी निराळ्या गोष्टी एकाच ‘आजाराचे जनुक सापडले’ या मथळ्याखाली येत राहिल्या, तर वाचक पहिलीला विनाकारण भितो आणि दुसरीची तपासणी करून घेत नाही.

ती तपासणी झाल्याने काय साधते, याचा दाखला सायप्रस या लहानशा बेटाने दिला आहे. तेथे सुमारे सातांत एक माणूस वाहक. तथापि १९७० च्या दशकापासून चालविलेल्या तपासणीच्या मोहिमेमुळे, आणि विवाहापूर्वी तपासणीचा दाखला मागण्याच्या तेथील चर्चच्या तजविजीमुळे, मेजर बालकांचे जन्म जवळजवळ थांबले. वाहकांची लग्ने मोडून हे साधले असे नव्हे. जोखीम आधी ठाऊक झाल्यामुळे पुष्कळांनी गर्भनिदानाचा मार्ग पत्करला.

आपल्याकडे बहुतेकांच्या बाबतीत तपासणीची वेळ गर्भारपणीच येते, आणि तेथे आठवड्यांचा हिशेब कठोर असतो. गर्भाच्या वारेचा सूक्ष्म अंश घेऊन निदान करण्याची तपासणी साधारणतः अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास होते. त्याआधी पत्नीचे एचबीए-टू, ते वाढलेले निघाल्यास पतीचे, आणि मग दोघांच्या जनुकांतील नेमका दोष, एवढे सर्व टप्पे पार पडलेले असावे लागतात. म्हणून काळेवाडीतील ज्या स्त्रीचे नाव पाचव्या महिन्यात प्रथमच रुग्णालयाच्या दप्तरी लागते, तिला हा मार्ग वेळेत मिळणे अतिशय अवघड होते. दुसऱ्या महिन्यात नाव नोंदवून, त्याच दिवशी पतीचेही रक्त तपासावयास दिले, तर हे सर्व टप्पे मुदतीत पुरे होऊ शकतात.