लक्ष कुठे आहे तुझं?

कॅट, सीईटी, नऊ तासांचं ऑफिस, लालबागची दहा बाय बाराची खोली... आणि सोबतीला एडीएचडी!

कॅट म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो तो गणितामुळे. माझ्या पोटात येतो घड्याळामुळे. 2020 पासून ही परीक्षा दोन तासांची आहे. तीन विभाग, प्रत्येकी 40 मिनिटं. आधी इंग्रजी, मग डेटा आणि लॉजिक, शेवटी गणित. क्रम ठरलेला. उताऱ्यात मन लागत नाहीये, जरा दोन गणितं सोडवून परत येते, असं म्हणायची सोय नाही. 2008 पर्यंत कॅट कागदावर व्हायची तेव्हा निदान पानं मागेपुढे उलटता यायची म्हणे. आता स्क्रीनवर वेळ उलटी मोजली जाते आणि ती शून्यावर आली की तुमचा विभाग बंद. बाय बाय!

आता अशा परीक्षेला एडीएचडीवाली मुलगी बसवा. म्हणजे मी.

एडीएचडी म्हणजे लक्ष कमी असणं, असा एक समज आहे. माझ्याकडे लक्ष भरपूर आहे हो, फक्त त्याचा लगाम माझ्या हातात नाही. डेटाचा एखादा सेट आवडला की शेजारी ढोल वाजले तरी कळत नाही आणि चार पॅराचा एक साधा उतारा चौथ्यांदा पहिल्यापासून वाचावा लागतो. वेळेचा अंदाज हा तर आणखी वेगळा प्रकार. पाच मिनिटं आणि पंचवीस मिनिटं मला आतून सारखीच वाटतात.

गेल्या वर्षी, पंचविसाव्या वर्षी, निदान झालं. त्याआधी याला आमच्या घरात साधं नाव होतं: वेंधळेपणा. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत शाळेची प्रगतिपुस्तकं आणायला सांगितली, तेव्हा मला हसू आलं. पण कारण रास्त होतं. 2013 च्या निकषांनुसार लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात. (त्याआधीची अट सात वर्षांची होती.) आईने माळ्यावरची ट्रंक काढली. दुसरीपासून सातवीपर्यंत शेरा एकच, फक्त बाईंचं अक्षर वेगळं: हुशार आहे, पण लक्ष नसतं. ज्या शेऱ्यांवरून मी घरी बोलणी खाल्ली, तेच आता पुरावा म्हणून फाइलला लागले. आई ट्रंकेजवळ बराच वेळ बसून होती. मग म्हणाली, ‘‘अगं, मला वाटायचं तू मुद्दाम करतेस.’’ मुली वर्गात धिंगाणा घालत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. त्यामुळे त्या सुटतात, असं डॉक्टर म्हणाले.

2024 मध्ये फहाद फासिल आणि आलिया भट या दोघांनी आपल्या एडीएचडीबद्दल उघड सांगितलं. चांगलं झालं. पण तेव्हापासून ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ‘मला पण थोडं एडीएचडी आहे यार’ म्हणणारे वाढलेत. चावी विसरली, एडीएचडी. मीटिंगमध्ये कंटाळा आला, एडीएचडी. मी चहा पिते आणि गप्प बसते.

तर, अभ्यास. घरी तो शक्य नाही, हे लालबागकराला सांगायची गरज नाही. कॅटचे फॉर्म भरायचे ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि त्याच वेळी आमच्या गल्लीत काय सुरू असतं? 1934 पासून ते तसंच सुरू आहे! बाप्पा गेले की नवरात्र, मग दिवाळी, आणि फटाक्यांचा धूर खाली बसेपर्यंत नोव्हेंबर संपत येतो. कॅट नोव्हेंबरच्या शेवटी. ज्याने हे वेळापत्रक ठरवलं तो गिरणगावात कधी राहिला नसावा.

म्हणून मी अभ्यासिका गाठली, दादरला. या भागात अभ्यासिका आणि वाचनालयांची कमतरता नाही. 1898 साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही दादरचंच. आमच्या अभ्यासिकेत लांबलचक टेबलं, ट्यूबलाइट, कुरकुरणारा पंखा, बास. एसी नाही, कॉफी मशीन नाही. समोर एमपीएससीवाला, बाजूला सीएची मुलगी, तिचा स्टीलचा डबा आणि तिचा तो चिडका हायलायटर. कुणी कुणाशी बोलत नाही. पण मी उठले की दोन मिनिटांत परत येते, कारण बाकी सगळे बसलेले असतात.

याला इंग्रजीत ‘बॉडी डबलिंग’ म्हणतात, हे मला नंतर कळलं. कुणीतरी शेजारी बसून आपलं काम करतंय, एवढ्यानेच एडीएचडीवाल्याचं बूड खुर्चीला चिकटतं. परदेशात लोक त्यासाठी पैसे भरून व्हिडिओ कॉलवर अनोळखी माणसांसोबत बसतात. आपल्याकडे महिन्याची फी भरली की अख्खी खोली मिळते!

बाय द वे, घरात जागा नाही म्हणून बाहेर अभ्यासाला जाणं ही इथली जुनी रीत आहे. डॉ. आंबेडकर शाळेत असताना परळच्या चाळीत एका खोलीत राहायचे. वडील रात्री दोनपर्यंत जागून त्यांना अभ्यासाला उठवायचे. संध्याकाळी ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे, तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना हेरलं. 1907 मध्ये मॅट्रिक झाल्यावर केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. आम्ही कुठे आणि ते कुठे, पण गिरगावात गेले की त्या बाजूला नजर जातेच.

गोळीबद्दल विचारणार ना? घेते. मिथाइलफेनिडेट. 1944 मध्ये एका स्विस कंपनीतल्या रसायनतज्ज्ञाने ती तयार केली आणि बायको रीटाच्या नावावरून तिचं नाव ठेवलं रिटालिन. किती रोमँटिक! मिळवणं मात्र अजिबात रोमँटिक नाही. आपल्याकडे ती शेड्यूल एक्समध्ये येते. प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत, एक केमिस्ट दोन वर्षं जपून ठेवतो. सगळे केमिस्ट ती ठेवतही नाहीत. परळमध्ये हॉस्पिटलांच्या गर्दीतसुद्धा मी तीन दुकानं पालथी घालते. गोळीने मी हुशार होत नाही. गोळीने मी बसते. बसल्यावर काय करायचं, ते मलाच ठरवावं लागतं. एका कलीगने ‘परीक्षेपुरती एक दे ना’ म्हणून मागितली होती. नाही म्हणजे नाही. बेकायदा तर आहेच, आणि त्याच्या हृदयाचं काय आहे हे मला काय माहीत?

आता खरा मुद्दा, वेळेचा. कॅटमध्ये दिव्यांग उमेदवारांना दर विभागात 13 मिनिटं 20 सेकंद जास्त मिळतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडीचं वेगळं नाव नाही. तीच मी जीआरईला बसले, तर कागदपत्रं दाखवून एडीएचडीसाठी जादा वेळ मागू शकते. मेंदू तोच, परीक्षा बदलली की नियम बदलतो. 2021 मध्ये रायटर्स क्रॅम्प असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की, 40 टक्क्यांचं सर्टिफिकेट नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. त्या निकालाने एडीएचडीवाल्यांचा प्रश्न सुटला नाही, पण दार किलकिलं झालं. माझं स्पष्ट मत आहे, मला ती 13 मिनिटं मिळायला हवीत. ‘मग सगळेच मागतील’ हे उत्तर मला मान्य नाही. शेड्यूल एक्सची दोन प्रतींतली चिठ्ठी सगळ्यांकडे नसते.

तोपर्यंत जुगाड. मोबाइल आईच्या तांदळाच्या डब्यात. स्वयंपाकघरातला टिकटिक करणारा टायमर, बारा मिनिटांवर. उतारा वाचताना प्रत्येक पॅरासाठी रफ कागदावर चार शब्द, म्हणजे परत पहिल्यापासून जावं लागत नाही. मॉक टेस्ट नेहमी सकाळी, गोळीच्या वेळेशी जुळवून. आणि मॉकचा स्कोअर ऑफिसात कुणालाही नाही! खरं तर ऑफिसात निदानाबद्दलच सांगितलेलं नाही. अप्रेझल मार्चमध्ये आहे. ‘डिटेलकडे लक्ष कमी’ हा शेरा तिथेही एकदा येऊन गेलाय.

गंमत म्हणजे राज्याची एमबीए सीईटी माझ्या डोक्याला जास्त मानवते. 2025 च्या परीक्षेत 150 मिनिटांत 200 प्रश्न होते, म्हणजे एकाला 45 सेकंद. ऐकून घाम फुटतो, पण निगेटिव्ह मार्किंग नाही आणि कुठूनही कुठेही उडी मारा. कंटाळा यायच्या आत प्रश्न बदलतो! वर जमनालाल बजाज चर्चगेटला, घरापासून अर्ध्या तासावर. 1965 पासूनचं नाव आहे. पण तिथे जागा थोड्या आणि स्पर्धा भयंकर. कॅट सोडली तर बाकीची दारंही आपोआप बंद होतात.

एवढं सगळं मी आईला सांगितलं, रात्री भाजी निवडताना. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘दोन्हीची फी मिळून किती होते?’’ मी आकडा सांगितला. ती उठली, कपाट उघडलं. दोन्ही फॉर्म भरायचे ठरले. टायमरची बॅटरी मात्र संपलीये, ती उद्या आणायची आहे. तळहातावर लिहून ठेवलंय.