दारूच्या आधी काय घडलं होतं?

१९८५च्या सुमारास अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करत होते. रुग्णांची वजनं उतरत होती, पण ज्यांना सगळ्यात जास्त फायदा होत होता तेच मध्येच उपचार सोडून जात. कारण शोधताना, पहिल्या शरीरसंबंधाच्या वेळी वय किती होतं, असं एका बाईला विचारायचं होतं. तोंडून ‘वजन किती होतं’ असं निघालं. चाळीस पौंड, असं उत्तर आलं. जेमतेम १८ किलो! आणि अत्याचार करणारे तिचे वडील होते.

मग फेलिटींनी २८६ रुग्णांकडे चौकशी केली. निम्म्याहून अधिक जणांनी लहानपणी लैंगिक अत्याचार सोसले होते. खाण्यानं जीव शांत होई, आणि जाड शरीरामुळं पुरुषांच्या नजरा टळत. डॉक्टर ज्याला आजार समजत होते, ते त्या माणसांनी स्वतःपुरतं शोधलेलं औषध होतं.

हेच दारूला, ब्राउन शुगरला लागू पडतं का?

फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक लोकांना आयुष्याच्या पहिल्या १८ वर्षांबद्दल विचारलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातलं व्यसन, कुणाचा तुरुंगवास. पुढं या यादीत दहा प्रकार आले. १९९८मध्ये निष्कर्ष छापून आले. चार किंवा अधिक प्रकार भोगलेल्यांमध्ये, काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत, दारूच्या व्यसनाचं प्रमाण सुमारे सातपट आणि सुईनं नशा करण्याचं सुमारे दहापट आढळलं. यातले बहुतेक जण शिकलेले, विमा असलेले मध्यमवर्गीय होते. म्हणजे केवळ गरिबीकडे बोट दाखवून सुटका नव्हती. अर्थात असं बालपण गेलेला प्रत्येक जण व्यसनी होत नाही. एखादी आजी, एखादे शिक्षक पाठीशी उभे राहिले, तरी खूप फरक पडतो.

सतत धास्तीत वाढणाऱ्या मुलाच्या शरीरातली धोक्याची यंत्रणा सदैव जागी राहते. दार वाजलं तरी छाती धडधडते, झोप लागत नाही. अशा पोराला सोळाव्या वर्षी पहिल्या घोटानंतर आयुष्यात प्रथमच मोकळं वाटतं. ‘इच्छाशक्तीच नाही’ किंवा ‘संगत वाईट’ एवढ्यावर त्याचा निकाल लावणं हा अन्याय आहे. दारू सुटते तेव्हा तिच्याखाली दाबलेलं सगळं वर येतं, आणि तलफ नेमकी तेव्हाच जोर धरते.

म्हणून चांगला समुपदेशक पहिल्याच बैठकीत जुनी जखम उकरत नाही. आधी शरीरातलं विष उतरायला हवं, झोप-जेवण सुरळीत व्हायला हवं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिसा नजाव्हित्स यांच्या ‘सीकिंग सेफ्टी’ या पद्धतीत २५ विषय आहेत आणि सगळा भर आजच्या सुरक्षिततेवर आहे: आठवण अंगावर आली की भोवतालच्या वस्तूंची नावं घ्यायची, हातावर गार पाणी घ्यायचं, कुणाला फोन करायचा हे आधीच ठरवून ठेवायचं. जखमेविषयी सविस्तर बोलणं रुग्णाची तयारी झाल्यावर, त्याच्या गतीनं. ‘स्लिप’ झाली, म्हणजे मध्येच पुन्हा नशा केली गेली, तर ओरडायचं नाही. त्याआधी काय घडलं, ते दोघांनी मिळून शोधायचं.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही उपचार एकट्या रुग्णापाशी थांबत नाहीत. पत्नींसाठी तिथं ‘सहचरी’ गट आहे. हे फार मोलाचं आहे, कारण आजच्या रुग्णाचं घर हेच कुणाचं तरी बालपण असतं. बाबांची दारू तुझ्यामुळं नाही आणि ती सोडवणं तुझं काम नाही, हे त्या मुलाला मोठ्या माणसानं स्पष्ट सांगावं लागतं. घरात सांगणारं कुणी नसेल तर मुलांसाठी १०९८ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या हेल्पलाइन आहेत.