काचेमागचा साक्षीदार कोणाचा?

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाचा वार्षिक अहवाल सांगतो. वाहनाचा प्रकार, रस्त्याचा प्रकार, हवामान, दिवसाची वेळ, मृतांचे वय अशी असंख्य कोष्टके या अहवालात असतात. होता होता राहिलेल्या अपघातांचे कोष्टक मात्र त्यात नसते. उलट्या दिशेने समोर आलेला ट्रॅक्टर, दुभाजकाच्या फटीतून अचानक आडवी आलेली दुचाकी, ब्रेक वेळेवर लागल्यामुळे वाचलेला शाळकरी मुलगा, यांची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात होत नाही. चालक कपाळावरचा घाम पुसतो, दोन शब्द सुनावतो आणि पुढे निघून जातो.

ही नोंद आता एक छोटे यंत्र करू लागले आहे. मोटारीच्या पुढच्या काचेला आतून चिकटवलेला कॅमेरा, ज्याला सर्वजण ‘डॅशकॅम’ म्हणतात, तो काही हजार रुपयांत मिळतो आणि गाडी सुरू झाली की आपोआप चित्रण करू लागतो. ज्यांनी तो बसवून घेतला, त्यांपैकी बहुतेकांच्या मनात रस्तासुरक्षेचा व्यापक विचार नव्हता. त्यांच्या मनात भीती होती. जानेवारी २०२३ मध्ये बंगळुरूच्या सर्जापूर भागात पहाटेच्या वेळी एका दाम्पत्याच्या मोटारीवर दोघा दुचाकीस्वारांनी जाणूनबुजून गाडी आदळली आणि नंतर त्यांचा पाठलाग केला. त्या दोघांनी काच खाली केली नाही, दार उघडले नाही. कॅमेऱ्यातील चित्रण समाजमाध्यमांवर पसरले आणि पोलिसांनी संशयितांना अटक केली. ते चित्रण नसते, तर ‘मोटारवाल्याने दुचाकीला ठोकले’ या नेहमीच्या कथेत आणखी एका कथेची भर पडली असती.

या भीतीचा पुढचा टप्पा रशियाने आपल्या आधी पाहिला. खोटे अपघात, बेभरवशाचे पोलीस आणि विमा कंपन्यांशी चालणारे वाद यांना कंटाळून तेथील वाहनचालकांनी इतक्या मोठ्या संख्येने कॅमेरे बसवले, की १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली, तेव्हा तिचे चित्रण शास्त्रज्ञांना या मोटारींतूनच मिळाले. संस्थांवरचा विश्वास उडाला की नागरिक स्वतःचा पुरावा स्वतः गोळा करू लागतात, हा त्यातला धडा आहे.

आपल्याकडील विमा फसवणुकीचे खरे स्वरूप मात्र रस्त्यावरच्या लुबाडणुकीपेक्षा अधिक संघटित आहे. उत्तर प्रदेशातील बोगस अपघात दाव्यांची चौकशी करण्यासाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमले गेले. हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात आले. २०२१ मध्ये न्यायालयासमोर आलेल्या माहितीनुसार विमा कंपन्यांनी या पथकाकडे १,३७६ संशयास्पद दावे सोपवले होते. तोवर ज्यांच्यावर ठपका आला होता, त्यांत अर्जदारांबरोबर वकील, पोलीस, डॉक्टर, विमा कंपन्यांचे कर्मचारी, वाहनमालक आणि चालक असे सगळेच होते.

या फसवणुकीची पद्धत साधी आहे. ज्या वाहनाने धडक दिली, त्याचा विमा नसतो. म्हणून विमा असलेले दुसरे वाहन कागदोपत्री उभे केले जाते. चालकाकडे परवाना नसतो. म्हणून परवानाधारक चालक ‘हजर’ होतो. कधी घरात घसरून पडलेल्याचा जखमी पाय रस्त्यावरच्या अपघातात मोडल्याचे दाखवले जाते. ज्या देशात तृतीय पक्ष विमा सक्तीचा असूनही निम्म्याच्या आसपास वाहने विम्याविना धावतात, तेथे वाहन बदलण्याचा मोह किती मोठा असेल, हे वेगळे सांगायला नको.

अशा दाव्यांचा भार अखेर प्रामाणिक विमाधारकाच्या हप्त्यावर पडतो, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. पण त्याहून मोठी किंमत खरा पीडित मोजतो. दहा खोटे दावे पाहिलेला विमा अधिकारी अकराव्या दाव्याकडेही संशयानेच पाहतो. तो अकरावा दावा कमावता मुलगा गमावलेल्या एखाद्या वृद्ध आईचा असतो. तिच्याकडे ना साक्षीदार असतो, ना चित्रण. फसवणूक रोखणे ही म्हणूनच विमा कंपन्यांच्या नफ्याइतकीच त्या आईच्या न्यायाचीही बाब आहे.

कॅमेरा येथे उपयोगी पडतो, कारण दिनांक, वेळ, वाहनाचा क्रमांक आणि अनेकदा उपग्रहाने नोंदवलेले ठिकाण तो एकत्र बांधून ठेवतो. पंचनाम्यात वाहन बदलता येते. चित्रणात ते बदलणे बरेच कठीण असते. कायद्यालाही हे यंत्र अपरिचित नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या नियम १६७अ मध्ये इलेक्ट्रॉनिक अंमलबजावणीच्या साधनांत डॅशबोर्ड कॅमेऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तो उल्लेख शासनाच्या कॅमेऱ्याचा आहे. नागरिकाच्या कॅमेऱ्याने न्यायालयात कसे यावे, हे पुरावा कायदा ठरवतो आणि ती वाट अधिक खडतर आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेला अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला आठवत असेल. त्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ उपकरणच न्यायालयात सादर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. आणि त्यात त्या फाइलचा अंकीय ठसा, म्हणजे ‘हॅश’ मूल्य नोंदवायचे असते. बनावट चित्रफितींच्या काळात ही दक्षता योग्यच आहे. पण अपघातानंतर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकचालकाने तज्ज्ञ कोठून आणावा? तोवर कॅमेराही थांबत नाही. कार्ड भरले की तो जुन्या चित्रणावर नवे चित्रण करत जातो. काही दिवस गाडी चालली की पुरावा पुसला जातो.

डॅशकॅमचा दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. ज्या क्षेत्रांनी सुरक्षितता गांभीर्याने घेतली, त्यांनी न घडलेल्या अपघातांचा हिशेब ठेवला. भारतीय रेल्वेच्या अपघात-वर्गीकरणात ‘टळलेली टक्कर’ हा स्वतंत्र प्रकार आहे. अमेरिकेत नासाच्या देखरेखीखाली १९७६ पासून वैमानिक आपल्या हातून थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची गोपनीय माहिती देत आले आहेत. रस्त्यांबाबत आपली पद्धत नेमकी उलटी आहे. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा जण मरण पावले, की तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. दुसऱ्या शब्दांत, रस्ता सदोष आहे हे सिद्ध करण्यासाठी आधी माणसांनी मरावे लागते.

याला पर्याय आहे आणि तो महाराष्ट्रातच आजमावला गेला आहे. नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ या प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर टक्करीची पूर्वसूचना देणारे कॅमेरे बसवण्यात आले. चालकाला सावध करणे हे त्यांचे पहिले काम. त्याचबरोबर अशा सूचना कोणत्या वळणावर, कोणत्या चौकात वारंवार वाजतात, हे पाहून ‘ग्रे स्पॉट’ म्हणजे उद्याचे संभाव्य मृत्युस्थळ आजच ओळखता येते. तेथे दुभाजकाची फट बुजवणे, फलक लावणे, दिवा बसवणे यांचा खर्च एका जीवाच्या तुलनेत नगण्य आहे.

माझ्या स्वतःच्या गाडीत गेली तीन वर्षे असा कॅमेरा आहे. सुदैवाने त्यात एकाही टक्करीचे चित्रण नाही. मात्र जोराचा ब्रेक लागला की त्या क्षणाचा तुकडा हे यंत्र आपोआप बाजूला जपून ठेवते. मध्यंतरी ते सगळे तुकडे मी सलग पाहिले. दिल्ली–जयपूर महामार्गावरचे बरेचसे एकाच ठिकाणचे निघाले: एका बाजूला ढाबा, दुसऱ्या बाजूला पेट्रोल पंप आणि मधल्या दुभाजकाला लोकांनी पाडलेली वाट. प्रत्येक वेळी माणूस वेगळा, दुचाकी वेगळी, चूक तीच. हे चित्रण कोणाला द्यावे, असा प्रश्न मला पडला. दंडाचे चलन फाडायचे असेल, तर माहिती द्यायला जागा आहे. गोव्यात २०१७ पासून आणि दिल्लीत त्याच्याही आधीपासून नियमभंगाची छायाचित्रे नागरिकांकडून मागवण्याच्या योजना आल्या. मला मात्र कोणाला दंड व्हायला नको होता. ती फट बुजायला हवी होती. त्यासाठी खिडकी नाही.

या सगळ्या आशावादात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. हा कॅमेरा मोटारीत असतो आणि रस्त्यावर मरतात ते बहुतांशी मोटारीबाहेरचे. २०२२ मधील मृतांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते आणि जवळपास साडेएकोणीस टक्के पादचारी. त्यांच्याकडे काच नाही, म्हणून काचेमागचा साक्षीदारही नाही. मालकाला सोयीचे असेल तेव्हा चित्रण न्यायालयात येणार आणि गैरसोयीचे असेल तेव्हा कार्ड ‘खराब’ होणार असेल, तर हे यंत्र आधीच बलवान असलेल्याच्या हाती आणखी एक काठी देईल. साक्षीदार एकाच बाजूने बोलू लागला, तर त्याला साक्षीदार म्हणता येत नाही.

म्हणून काही बंधने आताच घालायला हवीत. पहिले विमा कंपन्यांनी पाळावे. पुण्याच्या एआरएआयने मान्यता दिलेले चोरीविरोधी यंत्र बसवले, तर हप्त्यात अडीच टक्के, कमाल ५०० रुपये सूट देण्याची प्रथा जुनी आहे. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये वाहन कसे आणि किती चालवले जाते त्यावर हप्ता ठरवण्यासही परवानगी दिली. मग कॅमेऱ्यालाही सूट मिळावी. पण अपघात झाल्यास चित्रण जपून ठेवीन आणि ते कोणाच्याही बाजूचे असो, सादर करीन, ही अट मान्य करणाऱ्यालाच.

दुसरे बंधन पोलिसांचे. २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे जायला हवा. त्याच ४८ तासांत संबंधित वाहनांतील आणि शक्य असेल तेथे मागून-पुढून येणाऱ्या वाहनांतील चित्रण ताब्यात घेऊन त्याचा अंकीय ठसा नोंदवण्याची जबाबदारी ठाण्याने उचलावी. तज्ज्ञ शोधण्याचा भार नागरिकावर नको. आणि कॅमेरा होता हे सिद्ध झाले, पण चित्रण दडवले गेले, तर साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ खाली न्यायालयाला जे प्रतिकूल अनुमान काढता येते, ते न्यायाधिकरणांनी बिनदिक्कत काढावे.

तिसरी गोष्ट त्रयस्थांसाठी. २०२२ मध्ये धडक देऊन वाहन पळून गेल्याच्या घटनांत ३० हजारांहून अधिक लोक मरण पावले. अशा मृताच्या कुटुंबाला शासकीय योजनेतून दोन लाख रुपये मिळतात आणि प्रकरण बहुधा तेथेच संपते. मागून येणाऱ्या एखाद्या गाडीच्या कॅमेऱ्यात त्या वाहनाचा क्रमांक असू शकतो. पण ‘पोलिसांच्या फेऱ्यात कोण अडकणार’ म्हणून तो गाडीवाला गप्प बसतो. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने संरक्षण दिले आहे. चित्रण देणाऱ्यालाही तसेच संरक्षण हवे. त्याचबरोबर अपघातग्रस्तांचे चेहरे समाजमाध्यमांवर उधळण्याला आळा हवा. पुरावा ठाण्यात आणि न्यायालयात जावा. तो करमणुकीचा विषय होऊ नये.

आणि ‘ग्रे स्पॉट’ची माहिती देण्यासाठी प्रत्येक जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीने एक खिडकी उघडावी. तेथे चलन नको, चौकशीचा ससेमिरा नको. फक्त ठिकाण, वेळ आणि चित्रणाचा तुकडा. राज्य परिवहनाच्या बसगाड्यांपासून सुरुवात केली, तर काही महिन्यांत देशातील हजारो किलोमीटर रस्त्यांचा धोक्याचा नकाशा तयार होईल. ढाबा आणि पेट्रोल पंप यांच्यामधल्या त्या फटीतून आजही माणसे रस्ता ओलांडत असतील. तेथे दहा जण दगावण्याची वाट न पाहता ती बुजवता येते, याचा पुरावा आज माझ्यासारख्या अनेकांच्या गाडीत पडून आहे. तो मागून घेणारे कोणीतरी हवे.