उचंत खात्यातला धूमकेतू

मार्च १९९६. तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा गच्चीवर जाऊन ह्याकुताके धूमकेतू पाहिला असेल. २५ मार्चला तो पृथ्वीपासून अवघ्या दीड कोटी किलोमीटरवर होता. आमच्या बँकेत मात्र वार्षिक क्लोजिंग चालू होते. रात्री शाखेबाहेर पडताना मी वर पाहिले. कापसाच्या बोळ्यासारखा एक धूसर पुंजका दिसला. पण डोक्यात चार हजारांचा न जुळणारा फरक होता.

तो फरक शेवटी उचंत खात्यात टाकला. संशय मात्र एका सहकाऱ्यावर ठेवला. बोललो काहीच नाही. फक्त त्याचे टेबल बदलले. त्याला कळायचे ते कळले.

सूर्यापासून विद्युतभारित कणांचा झोत सेकंदाला चारशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने अखंड वाहत असतो. हाच सौरवारा. सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही तो सोबत ओढून नेतो. असा झोत असला पाहिजे, हे अनुमान लुडविग बिअरमन या जर्मन शास्त्रज्ञाने १९५१ साली काढले, तेही धूमकेतूंच्या शेपट्यांवरूनच.

धूमकेतूचा गाभा जेमतेम काही किलोमीटरचा. पण सूर्याजवळ येताच त्यातल्या बर्फाचा वायू होतो आणि अतिनील किरणांमुळे त्या वायूचे कण विद्युतभारित होतात. हे जड कण वाहून नेताना सौरवारा तिथे मंदावतो. आजूबाजूचा वारा मात्र वेगाने पुढे जातो. मग ओढ्यातल्या खुंटाला दोरा अडकावा, तशा चुंबकीय रेषा धूमकेतूभोवती अडकून मागे लांबतात.

१ मे १९९६. महाराष्ट्र दिनाची सुट्टी म्हणून आम्ही घरी होतो. त्या दिवशी सूर्याच्या अभ्यासासाठी पाठवलेल्या युलिसिस यानाच्या नोंदी बिघडल्या. सौरवाऱ्यातले प्रोटॉन जवळजवळ नाहीसे झाले, चुंबकीय क्षेत्राची दिशा वळली. कारण लगेच कळेना. नोंद तशीच पडून राहिली.

उलगडा २००० साली झाला. एका गटाने चुंबकीय रेषांची घडण ओळखली, दुसऱ्याने धूमकेतूतूनच येतील असे ऑक्सिजन-कार्बनचे कण. यान ह्याकुताकेच्या शेपटीतून गेले होते आणि धूमकेतू तिथून पन्नास कोटी किलोमीटरहून दूर होता! एवढी लांब शेपटी तोवर कुणी मोजली नव्हती.

आमचा फरक त्याआधीच जुळला होता. एका शाखेने पाठवलेली सूचना भलत्याच शाखेत जाऊन पडली होती. तोवर तो सहकारी बदली मागून निघून गेला होता. आम्ही नोंद पूर्ण केली, फाईल बंद केली. त्याला कळवायचे मात्र मला सुचले नाही.

युलिसिसची ही हकिकत वाचली, त्या रात्री मी त्याला पत्र लिहिले. त्या शास्त्रज्ञांनी न जुळणाऱ्या नोंदीत चूक न शोधता, तिथून कोण गेले हे शोधले होते. मी तेवढा धीर धरला नव्हता.

पत्राचे उत्तर आले नाही. ती नोंद अजून उचंत खात्यातच आहे.