हिवाळ्यातील चालणे : आरोग्याची आवर्ती ठेव

कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यात मोकळ्या माळावर फिरायचे असल्यास साधे बूट पुरत नाहीत. भुसभुशीत बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून बुटांखाली जाळीची रुंद चौकट बांधून चालण्याची तेथे रीत आहे. शरीराचा भार मोठ्या पृष्ठभागावर विभागला जातो आणि पाऊल वरच्यावर राहते. तेथील आदिवासींनी लाकूड व कातड्याच्या वाद्यांपासून घडविलेले हे साधन आता ॲल्युमिनियम व प्लास्टिकचेही मिळते.

रायपूरच्या गोल बाजार परिसरातील रहिवाशांना असा कोणताही सरंजाम लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत येथील किमान तापमान सरासरी १३ अंशांच्या आसपास असते, तर दुपारी ऊन कोवळे वाटते. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या या शहरात चालण्यासाठी हाच खरा हंगाम! येथे अडसर असतो तो पांघरुणाचा.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. थंडीच्या दिवसांत जठराग्नी प्रदीप्त व शरीर बलवान असते, म्हणून शीतकाळी व वसंतात बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांनी अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, असे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालले, तरी किमान मर्यादा गाठली जाते.

मात्र ‘जितके पहाटे, तितके उत्तम’ हा समज हिवाळ्यात बाजूला ठेवावा. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरील ताण वाढतो. शिवाय गार, स्थिर हवेत धूर व धूळ जमिनीलगत साचून राहते. उरला, सिलतरा यांसारख्या औद्योगिक वसाहती जवळ असलेल्या रायपुरात हे विशेष ध्यानात घ्यावे. ज्येष्ठांनी आणि रक्तदाब, हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी वैद्यकीय सल्ला घेऊन, ऊन वर आल्यावरच बाहेर पडणे श्रेयस्कर. चालताना छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात वेदना, अकारण धाप किंवा घाम जाणवल्यास तत्काळ थांबावे व विनाविलंब रुग्णालय गाठावे. ‘थोडे बसले की बरे वाटेल’ असे म्हणून दवडलेली वेळ महागात पडू शकते.

प्रारंभी पाच-सात मिनिटे सावकाश चालून शरीर ऊबदार करावे. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, अशी गती योग्य समजावी. एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ कपडे घातल्यास अंग तापल्यावर एखादा काढता येतो. कानटोपी असावी. तहान लागली नाही, तरी पाणी प्यावे. मधुमेही व्यक्तींनी खिशात साखर ठेवावी आणि घरी परतल्यावर तळपाय तपासावेत.

दुकाने उघडण्यापूर्वी गोल बाजाराच्या गल्ल्या मोकळ्या असतात. तेथून मालवीय रोडने जयस्तंभ चौक गाठता येतो. थोडे अधिक चालण्याची तयारी असल्यास बूढा तलावाचा काठ आहेच. किशोरवयात, १८७७ पासून सुमारे दोन वर्षे रायपुरात राहिलेल्या स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा तेथे आहे. सकाळ साधली नाही, तर संध्याकाळच्या खरेदीला वाहन घरी ठेवून निघावे. संक्रांतीचे तीळ व गूळ आणताना व्यायामही घडेल.

आवर्ती ठेवीत दरमहा थोडी रक्कम भरणाऱ्याला मुदतीअखेर तिचे मोल कळते. चालण्याचेही तसेच आहे. एका दिवशी दोन तास चालून महिनाभर विसावण्यापेक्षा रोजचा अर्धा तास मोलाचा. हप्ता लहान असला तरी चालेल. तो चुकू नये, एवढेच पाहावे.