कुऱ्हाड चुलीत घालू नका



कुऱ्हाडीचा दांडा मोडतो आणि त्याचा तुकडा भोकात घट्ट रुतून बसतो. ठोकून निघत नाही. मग घरातले कोणीतरी म्हणते, "टाका चुलीत, लाकूड जळून जाईल." तासाभरात भोक मोकळे होते, नवा दांडा बसतो. पण बाभळीवर पहिला घाव घातला की धार दुमडते आणि आपण दोष देतो लोहाराला!

नोकरीच्या सुरुवातीला मीही हीच चूक केली होती. धार दुमडलेली कुऱ्हाड घेऊन गावच्या लोहारदादांकडे गेलो. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, "साहेब, हिचं पाणी कशाला उतरवलंत?" कृषी पदवीधर असूनही मला उत्तर देता आले नाही.

पोलाद वितळायला १,४०० अंश सेल्सियसहून अधिक उष्णता लागते. चुलीत ते वितळत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. ॲल्युमिनियमचे पातेले ६६० अंशांना वितळते आणि नुकसान डोळ्यांना दिसते. पोलादाचे तसे नाही. ते न वितळताच बिघडते, आणि वरून काही कळत नाही.

पाणी देणे म्हणजे काय?

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. कोयता-कुऱ्हाडीच्या पोलादात कार्बन शेकडा अर्धा ते पाऊण भाग असतो. खिडकीच्या गजात तो फारच थोडा, म्हणून गजाचा कोयता करून धार टिकत नाही. पोलाद सुमारे ८०० अंशांपर्यंत लालभडक तापवले की कार्बन लोखंडात विरघळतो. एवढ्या तापलेल्या पोलादाला लोहचुंबक चिकटत नाही, हीही एक खूण आहे. त्या क्षणी ते पाण्यात बुडवले तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो आतच अडकतो. पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. अशा कोयत्याचा घाव गाठीवर बसला तर कपची उडते. ती डोळ्यात गेली तर जन्माचे नुकसान!

म्हणून लोहार तेवढ्यावर थांबत नाही. तो फक्त धारेचा भाग बुडवून पाते बाहेर काढतो आणि दगडावर घासून चकाकी आणतो. पाठीकडची उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि रंग उमटू लागतात. आधी गवती पिवळा (सुमारे २२० ते २३० अंश), मग तपकिरी, मग जांभळा (सुमारे २८०), शेवटी निळा (सुमारे ३००). पिवळ्यावर थांबवले तर धार कठीण राहते, पण घाव सोसत नाही. कोयता-कुऱ्हाडीला जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ द्यावे लागते. हवा तो रंग धारेवर आला की लोहार पाते पुन्हा बुडवतो. हे रंग उन्हात नीट दिसत नाहीत, म्हणून त्याचे काम सावलीत चालते.

आता चुलीचा हिशेब पाहा. निखाऱ्यात ६०० अंशांपुढे उष्णता सहज जाते. निळ्या रंगाची पायरी केव्हाच मागे पडते आणि राखेत सावकाश थंड होताना लोहाराची सारी मेहनत फुकट जाते.

एवढे लक्षात ठेवा

१. अडकलेल्या तुकड्याला गिरमिटाने चार-पाच भोके पाडा, मग छिन्नीने तो बाहेर ठोका. जाळणे भागच असेल तर धारेचा भाग ओल्या मातीत गाडा, माती वाळू देऊ नका आणि विस्तव फक्त भोकापाशी ठेवा.

२. विजेच्या ग्राइंडरवर विळ्याला धार लावताना जोर देऊ नका. बोटाला चटका बसण्याआधी पाते पाण्यात बुडवा. धारेवर निळा पट्टा दिसला तर तेवढी धार मऊ पडली असे समजा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

३. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा कोयता चांगला होतो. पण ते पोलाद गार पाण्यात तडकू शकते, तेलात थंड करणे बरे. तेल पेट घेते, म्हणून झाकण हाताशी ठेवा आणि मुलांना दूर ठेवा.

४. पोलाद पांढरेशुभ्र तापून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या तर ते जळाले. तो भाग कापून टाकावा, पुन्हा पाणी देऊन तो सुधारत नाही.

५. धार एकदा उतरली तर हळहळू नका. पोलाद जळालेले नसेल तर लोहार तापवून त्याला पुन्हा पाणी देऊ शकतो.

माझी कुऱ्हाड लोहारदादांनी तशीच दुरुस्त करून दिली. त्यांच्या मजुरीत पोलादाइतकीच नजरेचीही किंमत असते. पुढच्या वेळी पैसे देताना घासाघीस करण्याआधी हे आठवा, आणि दांडा मोडला तर चुलीकडे वळू नका.