मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधील प्रताधिकारसूचना व परवाने

मूळ संहितेसह सर्वांना वापरण्यास, बदलण्यास व पुन्हा वाटण्यास खुले केलेल्या संगणकीय सॉफ्टवेअरला मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. ते खुले असले, तरी त्यावरील प्रताधिकार म्हणजे कॉपीराइट नष्ट होत नाही. कर्ता तो स्वतःकडे राखून इतरांना विवक्षित अटींवर परवानगी देतो. प्रताधिकार कोणाचा व कोणत्या वर्षाचा, हे सांगणारी ओळ म्हणजे प्रताधिकारसूचना आणि अटींचा मजकूर म्हणजे परवाना होय. सॉफ्टवेअरच्या फाइली एकत्र करून वितरणयोग्य संच किंवा पॅकेज तयार करणाऱ्याने ही दोन्ही पुढे पोहोचवणे आवश्यक असते.

कायदेशीर आधार : भारतात १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील साहित्यकृतींच्या व्याख्येत १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावलींचा समावेश झाला. हा हक्क नोंदणीवाचून, निर्मितीबरोबरच प्राप्त होतो. त्यामुळे सूचना नसलेली फाइल बेवारस ठरत नाही. उलट परवाना न आढळल्यास ती वाटण्याचा अधिकारच सिद्ध होत नाही. अमेरिकेत जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात खेळण्यातील आगगाड्यांच्या नियंत्रणासाठी लिहिलेल्या फाइली कर्त्यांची नावे व प्रताधिकारसूचना वगळून वापरल्या गेल्या होत्या. परवान्याच्या अशा अटी प्रताधिकार कायद्यान्वये अंमलात आणता येतात, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने २००८ मध्ये दिला.

प्रकार : एमआयटी व बीएसडी हे परवाने आखूड असून सूचना व परवान्याचा मजकूर प्रतींसोबत ठेवणे ही त्यांची मुख्य अट आहे. अपाची परवान्यात (आवृत्ती २.०, २००४) मूळ संचातील ‘नोटिस’ फाइलमधील श्रेयनिर्देशही पुढे द्यावे लागतात. जीएनयू सार्वजनिक परवान्यात (पहिली आवृत्ती १९८९) यांखेरीज मूळ संहिता उपलब्ध करून देणे व सुधारित कृती त्याच परवान्याखाली वितरित करणे बंधनकारक असते.

कार्यपद्धती : एकाच संचात भिन्न कर्त्यांच्या व भिन्न परवान्यांच्या फाइली असू शकतात, म्हणून प्रत्येक फाइल तपासावी लागते. डेबियन या वितरणात प्रत्येक संचासोबत ‘कॉपीराइट’ नावाची फाइल अनिवार्य आहे. प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. परवान्यांची संक्षिप्त, यंत्रवाचनीय नावे देणारी एसपीडीएक्स ही पद्धती २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरली. सुधारणा करणाऱ्याने जुनी नावे न पुसता आपले नाव त्यांखाली जोडावे. परवान्याचा मराठी अनुवाद माहितीसाठी देता येतो. तथापि मूळ मजकूर काढून टाकता येत नाही.

गोंडी फॉन्टचे उदाहरण : चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत मराठीबरोबरच गोंडी व माडिया या भाषा बोलल्या जातात. गोंडीच्या लेखनासाठी देवनागरीखेरीज स्वतंत्र लिप्याही आहेत. त्यांपैकी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेल्या लिपीला २०१७ मध्ये युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत स्थान मिळाले. तिच्यासाठीचा ‘नोटो सान्स मसराम गोंडी’ हा फॉन्ट मुक्त फॉन्ट परवान्याखाली (आवृत्ती १.१, २००७) उपलब्ध आहे, देवनागरीचा ‘लोहित’ फॉन्टही २०११ पासून याच परवान्याखाली आहे.

या परवान्यानुसार फॉन्ट सुट्या स्वरूपात विकता येत नाही. मात्र इतर सॉफ्टवेअरसोबत देता येतो. सूचना व परवाना प्रत्येक प्रतीसोबत वेगळ्या फाइलीत किंवा फॉन्टमधील माहितीच्या रकान्यांत असावे लागतात. सुधारित फॉन्टही त्याच परवान्याखाली राहतो व कर्त्याने एखादे नाव राखून ठेवले असल्यास सुधारित फॉन्टला दुसरे नाव द्यावे लागते. फॉन्ट वापरून छापलेल्या पुस्तकाला मात्र हा परवाना लागू होत नाही. पाठ्यपुस्तकाचे हक्क त्याच्या लेखक-प्रकाशकांकडेच राहतात.

मोठ्या भाषांना अनेक फॉन्ट उपलब्ध असतात. गोंडीच्या लिप्यांसाठी ते मोजकेच आहेत. एखादे जोडाक्षर सदोष उमटल्यास ते दुरुस्त करून शाळांना वा मुद्रणालयांना देण्याची परवानगी परवान्याने आधीच दिलेली असते. संच बांधताना परवान्याची फाइल गळाल्यास ही परवानगी असल्याचे पुढील वापरणाऱ्यास कळत नाही आणि मूळ कर्त्यांचे श्रेयही लोपते.